मजकूर तपासला

‘नाक जरा पुढं आलंय, पण फोटोत तेवढं कळत नाही.’

माझ्या होऊ घातलेल्या आतेसासूबाईंनी माझ्याविषयी हे लिहिलं, तेव्हा मी कवठेसागर पोलीस ठाण्यात, सरकारी खुर्चीवर बसून, सरकारी फोनवर ते वाचत होते. वाचल्याबरोबर माझा हात आपोआप नाकावर गेला.

समोरच्या टेबलावर हवालदार इनामदारकाका होते. वय सत्तावन्न, निवृत्तीला एक वर्ष राहिलेलं, आणि रमजानचे रोजे चालू असल्यामुळं दुपारनंतर आवाज खाली गेलेला. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं.

“काय गं त्रिशला? कुणी काय पेटवलं?”

“पेटवलं नाही काका. नाकाचा विषय आहे.”

“कुणाच्या?”

मी फोन त्यांच्यापुढं धरला. त्यांनी मेसेज वाचला, मग माझ्या नाकाकडं पाहिलं, मग परत मेसेजकडं.

“आक्षेपार्ह हाय,” ते म्हणाले. “पण दोन गटांत तेढ न्हाई. सोडून दे.”

त्या उन्हाळ्यात कवठेसागरच्या नगराध्यक्षांनी एका रात्रीत पक्ष बदलला आणि जाताना सहा नगरसेवक बरोबर नेले. दुसऱ्या बाजूनं अविश्वास ठराव आणला आणि गावाचे उभे दोन भाग झाले. तशात कुठल्या तरी दुसऱ्याच राज्यातली, चार वर्षं जुनी मारामारीची क्लिप ‘बघा आपल्या माणसाला कसं मारलं’ म्हणून गावभर फिरली. तासाभरात बसस्थानकाच्या काचा गेल्या आणि ज्याचा कशाशीच संबंध नव्हता अशा एका रसवंतीवाल्याचा चरक रस्त्यावर उलटा पडला. जमावबंदी लागली आणि जिल्ह्याहून आदेश आला. ठरावाचं मतदान होईपर्यंत तालुक्यातल्या प्रत्येक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपच्या अ‍ॅडमिननं पोलिसांचा नंबर ग्रुपमध्ये घ्यायचा. जो घेणार नाही त्याच्यावर गुन्हा.

आमचे निरीक्षक वाकोडेसाहेब मूळचे अकोल्याचे. त्यांचा अंदाज होता, घाबरून वीस-पंचवीस ग्रुप येतील. चार दिवसांत चारशे सतरा आले. दोन्ही आघाड्यांचे आले ते ठीकच; पण पाणीपुरीवाल्यांची संघटना आली, दहावीची एकोणीसशे सत्त्याऐंशीची बॅच आली, ‘गुडघेदुखी निवारण’ आला, तीन भिशी मंडळं आली. एका बाईचा तर ती आणि तिचा नवरा एवढ्या दोघांचाच ग्रुप होता. तिनं त्यातही आम्हाला घेतलं आणि खाली लिहिलं, ‘साहेब, आता तुम्हीच सांगा यांना.’

चारशे सतरा ग्रुप दोन फोनवर वाटले होते. मोबाइल क्रमांक दोन माझ्याकडं. मी खरी सांगलीच्या मुख्यालयातली, पण ह्या गडबडीपुरती मला इथं धाडलं होतं. कुठं आहे, काय काम करते, हे घरीसुद्धा सांगायचं नाही अशी ताकीद होती. आई विचारायची, “जेवलीस का?” मी म्हणायची, “जेवले.” बंदोबस्त म्हणजे उन्हात काठी घेऊन उभं राहायचं, अशी तिची समजूत मी तशीच राहू दिली.

पहिल्याच दिवशी आमच्यातल्या एका शिपायानं एका ग्रुपवर ‘गप बसा की भावांनो’ असं लिहिलं आणि त्या मेसेजचा फोटो थेट जिल्ह्याला पोचला. तेव्हापासून वाकोडेसाहेबांनी तीनच वाक्यं ठरवून दिली. त्याबाहेर अक्षर लिहायचं नाही.

क्रमांक एक: ‘मजकूर तपासला. आक्षेपार्ह काही नाही.’

क्रमांक दोन: ‘सदर मजकूर असत्य व आक्षेपार्ह असून तो तात्काळ काढून टाकावा.’

क्रमांक तीन: ‘आपण उद्या सकाळी दहा वाजता पोलीस ठाण्यात हजर राहावे.’

आणखी एक नियम होता. फोन एका हातातून दुसऱ्या हातात गेला, की वेळ टाकून वहीत नोंद आणि दोघांच्या सह्या. चहाला उठलं तरी नोंद.

आदल्या दिवशी ज्या ग्रुपमध्ये एकमेकांचे पाय मोडायची भाषा चालली होती, तिथं पोलीस आल्यावर सकाळ-संध्याकाळ गुलाबाची फुलं यायला लागली. पाय मोडायचं बोलणं आता चहाच्या टपरीमागच्या कट्ट्यावर चालायचं. कट्ट्यावर पोलिसांना कोण घेतंय? ज्यांच्यासाठी आदेश निघाला ते सुटले आणि आमच्या हाती लागले गुडघेदुखीवाले.

चौथ्या दिवशी माझ्या फोनवर ‘मगदूम परिवार’ आला. खाली अ‍ॅडमिनचा मेसेज होता: ‘पोलीस साहेबांचे परिवारात हार्दिक स्वागत. शासनाच्या आदेशाचे पालन करणे आपले कर्तव्य आहे. सर्वांनी नीट वागावे. जय जिनेंद्र. आप्पा.’

माझ्या हातातलं पेनच पडलं. कारण ह्याच आप्पांचा मुलगा सम्मेद तीन आठवड्यांपूर्वी मला बघायला आला होता. त्याचं बेदाण्याचं शेड होतं. पोहे झाले, चहा झाला, मोठी माणसं द्राक्षाच्या भावाकडं वळली, तेव्हा त्यानं हळूच विचारलं होतं, “तुम्हाला शिट्टी वाजवता येते?”

“कुठली? पोलिसांची का दोन बोटांची?”

“दोन बोटांची.”

“येते.”

“मला येत नाही,” तो इतक्या दुःखानं म्हणाला, की मला हसू फुटलं आणि चहा माझ्याच साडीवर सांडला. माझ्या आईनं डोळे मोठे केले. तो मात्र असा खूश झाला होता, की त्याचे कान लाल झाले. त्याच संध्याकाळी मी आईला सांगितलं, हाच. दुसरं स्थळ आणू नकोस.

पण मगदूमांच्या घरात आप्पांच्या थोरल्या बहिणीशिवाय पान हलत नसे. त्या राजमतीबाई, सगळ्यांच्या राजाक्का. त्यांचा होकार यायचा होता आणि रविवारी बैठक होती. मला सम्मेदशिवाय कुणी नको होतं, आणि त्याचा निकाल एकोणीस माणसांच्या एका ग्रुपवर लागणार होता. तो ग्रुप माझ्या हातात होता आणि मला त्यात एक शब्द लिहायची परवानगी नव्हती.

मी साहेबांना सांगायला हवं होतं, की हा ग्रुप दुसऱ्या फोनवर टाका. नाही सांगितलं. लाज वाटत होती आणि वाचायचंही होतं. चोरून ऐकणं आणि सरकारी ऐकणं ह्यात फरक एवढाच, की सरकारी ऐकण्यात अधूनमधून चहा मिळतो. काकांना मात्र मी पहिल्याच दिवशी सगळं सांगून टाकलं. एवढी मोठी गोष्ट एकटीनं पोटात ठेवणं मला जमलंच नसतं.

दोन दिवस मगदूम परिवार नीट वागला. तिसऱ्या दिवशी सगळे विसरले, की पोलीस घरात आहेत. मग काय, माझं नाक निघालं, माझी उंची निघाली (‘सम्मेदपेक्षा बोटभर जास्तच भरेल’), माझ्या वडिलांचं शेत निघालं. एका काकूनं विचारलं, “पोलीस आहे तर घरात बंदूक आणील का?” त्यावर अर्धा दिवस चर्चा झाली. मी एकेक वाचून काकांना सांगायची आणि काका तोंडावर रुमाल धरून हसायचे.

“आणि पोरगा काय म्हणतो?”

“काही नाही. नुसता वाचतोय.”

“मग मुका हाय का काय?”

मलाही तोच राग होता. सगळं घर माझ्यावर बोलत होतं आणि हा बेदाण्यासारखा गप्प.

आमच्या दोघांचा संध्याकाळचा एक परिपाठ होता. आम्ही जैन, सूर्य मावळल्यावर अन्नाला शिवायचं नाही, हे मी लहानपणापासून पाळत आले. नोकरीत लागल्यावरही सोडलं नव्हतं. जैन बोर्डिंगमधून माझा डबा सव्वासहाला यायचा. साडेसहाला मी वहीत नोंद करून फोन काकांना द्यायची आणि मागच्या खोलीत जेवायला जायची. सात वाजायच्या आत परत. मग मी फोन घ्यायची आणि काका तोंड धुऊन, खजूर पुढ्यात ठेवून अजानची वाट बघत बसायचे. सूर्य सात वाजून तीन मिनिटांनी मावळायचा. माझं जेवण त्याच्या अलीकडं, काकांचं पलीकडं. मधली पाच-दहा मिनिटं आम्ही दोघंही खिडकीतून त्या सूर्याकडं बघत बसायचो.

“तुझं पोट भरलं, आता त्याला म्हणावं लवकर जा,” काका म्हणायचे.

गुरुवारी मी साडेसहाला जेवायला गेले. भाकरी, दही, शेंगदाण्याची चटणी. सात वाजायला पाच कमी असताना परत आले. काकांनी सही केली, फोन माझ्या हातात दिला आणि छताच्या पंख्याकडं बघायला लागले. पंखा बंद होता.

“काय विशेष, काका?”

“काय न्हाई. एक अफवा हुती. बंद केली.”

मी फोन उघडला. मगदूम परिवारात सहा वाजून एकेचाळीस मिनिटांनी राजाक्कांचा मेसेज आला होता:

‘माझ्या नणंदेच्या जावेने स्वतः पाहिले आहे, ती मुलगी रात्री दहा वाजता सांगलीत चौकात गाड्यावर पावभाजी खात होती. ते पण युनिफॉर्मवर. सूर्य मावळल्यावर चौकात चरणारी मुलगी आपल्या घरचे नियम काय पाळणार? माझा नकार समजावा.’

मी ते दोनदा वाचलं. रात्री दहाची पावभाजी मी जन्मात खाल्ली नव्हती. डोळे भरून आले, आणि त्या भरल्या डोळ्यांनी मी खाली पाहिलं.

सहा अठ्ठेचाळीस. कवठेसागर पोलीस: ‘सदर मजकूर असत्य व आक्षेपार्ह असून तो तात्काळ काढून टाकावा.’

सहा एकोणपन्नास. कवठेसागर पोलीस: ‘आपण उद्या सकाळी दहा वाजता पोलीस ठाण्यात हजर राहावे.’

“काका!”

“वरडू नको. रोजा हाय माझा.”

“अहो, हे काय केलंत?”

“आता केलंय,” ते शांतपणे म्हणाले आणि तोंड धुवायला निघून गेले.

त्याच्या पुढचं वाचताना माझं रडू कुठल्या कुठं पळालं. सहा पन्नासला राजाक्का ग्रुपमधून बाहेर. सहा पन्नासलाच बंदुकीवाल्या काकू बाहेर. एका चुलत्यानं ‘मी काही बोललो नव्हतो, साक्षी रहा’ असं लिहिलं आणि तोही बाहेर. पुण्याचे दोघं, हुबळीचे तिघं, एकापाठोपाठ एक. सहा चोपन्नला खुद्द अ‍ॅडमिन आप्पा ‘जय जिनेंद्र’ लिहून बाहेर पडले. अ‍ॅडमिन गेला, की राहिलेल्यांतल्या कुणाला तरी फोन आपण होऊन अ‍ॅडमिन करतो. राहिले होते दोघंच. मगदूम परिवाराचे नवे अ‍ॅडमिन होते कवठेसागर पोलीस.

आणि दुसरा होता सम्मेद.

मी बघत असतानाच त्याचा मेसेज आला. ‘साहेब, आहात का?’

मी फोन डोळ्यांजवळ नेला.

‘साहेब, घरचे सगळे पळाले. तुम्ही आणि मीच राहिलो. एक बोलायचं होतं, आता कुणी नाही तर बोलतो.’

थोड्या वेळानं: ‘आत्याचं चुकलं हे खरं आहे. पण माझंही चुकलं. पाच दिवस मी गप्प बसलो. रविवारी बैठकीत सगळ्यांसमोर बोलीन असं ठरवलं होतं. हे आधीच बोलायला पाहिजे होतं.’

आणि मग: ‘साहेब, ती मुलगी दहा वाजता पावभाजी खाऊ दे, नाहीतर बारा वाजता. मला तीच पाहिजे. मी तिला विचारायच्या आधी तुम्हाला सांगतोय, कारण लिहून ठेवलं की फिरता येत नाही. तुमच्याकडं नोंद राहील ना?’

मी फोन दोन्ही हातांनी धरला होता. त्याला सांगावंसं वाटत होतं, की नोंद राहील, मरेपर्यंत राहील. पण माझ्याकडं तीनच वाक्यं होती. मी तिन्ही मनात म्हणून पाहिली. मग पहिलं टाकलं.

‘मजकूर तपासला. आक्षेपार्ह काही नाही.’

त्यात खोटं काय होतं?

पलीकडून हात जोडल्याचं चित्र आलं. तेवढ्यात मशिदीतून अजान झाली, काकांनी पहिला खजूर तोंडात घातला, आणि माझ्या तोंडात कधी दोन बोटं गेली ते मलाही समजलं नाही. मी अशी शिट्टी मारली, की काकांचा दुसरा खजूर टेबलाखाली गेला आणि वाकोडेसाहेब आतल्या खोलीतून धावत बाहेर आले.

“कोण हाय बे? कोणी वाजवली?”

“गल्लीतलं पोरगं असंल साहेब,” काका खजूर चावत म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेदहालाच मगदूम मंडळी हजर. पुढं आप्पा, हातात दोन किलो बेदाण्याची पिशवी. मागं पांढऱ्या लुगड्यातल्या राजाक्का. सगळ्यात मागं सम्मेद. मी दाराआडून पाहिलं आणि फायलींच्या कपाटामागं जाऊन उभी राहिले. एवढी वर्दी अंगावर, आणि मी लपले होते.

“ती पिशवी पहिले बाहेर ठेवा,” वाकोडेसाहेब म्हणाले. “काय काम काढलं?”

“तुम्हीच बोलावलंय की साहेब,” आप्पांनी फोन पुढं केला. साहेबांनी वाचलं. त्यांना ह्यातलं काहीच माहीत नव्हतं. त्यांच्या भुवया वर वर जात राहिल्या.

राजाक्कांना धीर धरवेना. “साहेब, माझं चुकलं काय? मी काय कुणाच्या दारात जाऊन दगड मारला? घरातल्या घरात, घरच्या माणसांस्नी बोलले. आता घरात बी बोलायचं न्हाई?”

साहेबांनी फोन उलटा करून टेबलावर ठेवला. प्रश्न बरोबर होता.

“हे कोणी पाठवलं?” साहेबांनी आमच्याकडं वळून विचारलं. “मोबाइल क्रमांक दोन. खोत!”

खोत म्हणजे मी; कपाटामागून बाहेर येण्यावाचून इलाज नव्हता. आले आणि सलाम ठोकला.

आप्पांचा जबडा खाली आला. सम्मेदचे कान आधी लाल झाले, मग आणखी लाल. बहुतेक काल संध्याकाळी आपण कुणाला काय लिहिलं ते त्याला आठवत होतं. राजाक्का मात्र एका क्षणात सगळं जुळवून मोकळ्या झाल्या.

“हीच! हिनंच केलं हे! साहेब, हीच ती पोरगी. आमच्या घरातलं वाचत बसली आणि वरनं सरकारच्या फोनवरनं मला धमकी दिली. आता तर न्हाईच न्हाई. आणि मी वर अर्ज करणार हाय.”

साहेबांचा चेहरा उतरला. सरकारी फोन, खाजगी कारण, वर अर्ज. निलंबनाला ह्याच्यापेक्षा जास्त काही लागत नाही.

“खोत, काल सहा अठ्ठेचाळीसला फोन कोणाकडं होता?”

काका दोन पावलं मागं उभे होते. एक वर्ष राहिलेलं. माझी नोकरी गेली तरी दुसरी लागली असती, त्यांचं काय?

“माझ्याकडं, साहेब,” मी म्हणाले.

“खोटं बोलतीया,” इनामदारकाका म्हणाले.

त्यांनी वही उघडून साहेबांच्या पुढ्यात ठेवली. “सहा अठ्ठेचाळीसला ही फोनपाशी नव्हती. त्या टायमाला ही कधीच नसती. बघा की, बारा दिवसांच्या सह्या हायत. साडेसहाला फोन माझ्याकडं, सात वाजायच्या आत परत हिच्याकडं. मधल्या वेळात ही जेवती. सूर्य बुडायच्या आत. एक दिस डबा उशिरा आला तर उपाशी झोपली, पर खाल्लं न्हाई. मी रोज बघतो. मला बघावंच लागतं, ही उठल्याबिगर माझा रोजा सुटत न्हाई.”

साहेबांनी वही जवळ ओढली. साहेब पान उलटत होते. राजाक्का पुढं झाल्या, चष्मा लावला आणि वहीवर वाकल्या. एकेका तारखेवर त्यांचं बोट सरकत होतं.

“रोज?” त्यांनी मला विचारलं.

“रोज.”

“बंदोबस्तात असलीस तर?”

“उभ्यानं खाते. नाहीतर राहते तशीच.”

“आणि ती पावभाजी?”

“मला माहीत नाही हो. मी नव्हते.”

“इनामदार,” साहेब म्हणाले, “म्हणजे मेसेज तुम्ही टाकला. काऊन टाकला?”

“साहेब, अफवा हुती,” काका सावधान उभे राहिले. “आदेशातच लिवलंय की, खोटा मजकूर दिसला तर थांबवावा. चारशे सतरा ग्रुप झाले. गुलाबाची फुलं बघून डोळं दुखायला लागलं. खरी-खुरी खोटी बातमी ही एकच घावली मला. आणि खोटी हाय हे माझ्या डोळ्यादेखत. मग ड्यूटी केली.”

वाकोडेसाहेबांनी तोंडावर हात ठेवला. त्यांचे खांदे हलत होते. पहिल्यांदा मला वाटलं रागानं.

तेवढ्यात आप्पा हळूच म्हणाले, “अक्का, परवा त्या लग्नात साडेसातला आइस्क्रीम खाल्लंस की तू.”

“ते पातळ झालं हुतं! पाणीच हुतं ते!” राजाक्का कडाडल्या, आणि मग साहेबांना आवरेचना. ते टेबलावर डोकं ठेवून हसले. काका हसले, आप्पा हसले, दारातला पहारेकरीसुद्धा. राजाक्का कुणाकडंही न बघता माझ्यापाशी आल्या. माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडं वळवलं आणि बराच वेळ न्याहाळलं.

“नाक बरं हाय की,” त्या म्हणाल्या. “फोटोच वाईट काढलाय.”

सम्मेद तिथंच उभा होता. त्यानं मला एवढंच विचारलं, “नोंद राहिली का?”

“राहिली,” मी म्हणाले. मला आणखी पुष्कळ बोलायचं होतं, पण हसू येत होतं, रडू येत होतं आणि वर्दी अंगावर होती.

साहेबांनी शिक्षा सुनावली. मगदूम परिवाराचे अ‍ॅडमिन आता पोलीस होते, तेव्हा इनामदार हवालदारांनी एकेकाला फोन करून, समजूत घालून, परत आत घ्यायचं. काका दोन दिवस तेच करत होते. हुबळीचे पाहुणे फोनच उचलेनात. राजाक्कांचं नाव काकांनी मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. टाकायच्या आधी मला विचारलं, “ह्यांना घ्यायचं का गं?” मी म्हटलं, “घ्या काका. त्यांच्याशिवाय पान हलत नाही.”

अविश्वास ठरावावर मतदान झालंच नाही. मतदानाच्या आदल्या दिवशी नगराध्यक्ष सहा नगरसेवकांसह मूळ पक्षात परतले आणि दोन्ही आघाड्यांनी एकाच मांडवात जेवण केलं. आदेश उठला. त्या दिवशी चारशे सोळा ग्रुपांनी पोलिसांचा नंबर काढून टाकला. दोघांचा ग्रुप असलेल्या बाईनं काढताना ‘आभारी आहे’ असंही लिहिलं. मगदूम परिवारानं मात्र काढला नाही. अ‍ॅडमिनला कोण काढणार? आणि आप्पा म्हणाले, राहू दे, सगळे नीट वागतात.

आमचं लग्न मार्गशीर्षात झालं. दुपारी. सूर्य मावळायच्या आत पंगती उठल्या आणि काका आहेर म्हणून खजुराचा डबा घेऊन आले. पुढच्या वर्षी ते निवृत्त झाले आणि त्यानंतरच्या पावसाळ्यात अल्लाला प्यारे झाले. त्यांच्या मयतीला राजाक्का माझ्याबरोबर आल्या होत्या.

मुलगी झाली तेव्हा मी सांगलीला दवाखान्यात होते. सम्मेदनं तिचा पहिला फोटो ग्रुपवर टाकला. सगळ्यांच्या आधी राजाक्कांचा मेसेज आला: ‘नाक आईवर गेलंय.’

त्याच्याखाली बंदुकीवाल्या काकूंचा अंगठा आला. मग चार वर्षांत एक अक्षर न बोललेल्या नंबरवरून मेसेज आला.

‘मजकूर तपासला. आक्षेपार्ह काही नाही.’

मी पलंगावर उठून बसले. काका गेल्याला दोन वर्षं झाली होती. मी ठाण्यात फोन लावला. कुणी तरी नवीन मुलगी होती, मी तिला ओळखतही नव्हते.

“आत्ता मगदूम परिवारावर मेसेज तुम्ही टाकला का?”

“हो मॅडम,” ती घाबरून म्हणाली. “काही चुकलं का? मला काही माहीत नाही. ह्या फोनच्या पाठीला तीन वाक्यांची यादी आणि तिच्याखाली एक चिठ्ठी चिकटवलेली आहे, जुन्या कुठल्या तरी हवालदारांची. तिच्यात लिहिलंय म्हणून टाकला.”

“काय लिहिलंय?”

तिनं वाचून दाखवलं.

“‘मगदूम परिवार. लक्ष ठेवावे. नाकाचा विषय निघाल्यास क्रमांक एक पाठवणे.’”